सत्यभामाबाईंच्या न्हाणीतला दांडा

कवडसांगवीत हायस्कूलच्या मागच्या गल्लीत बद्रीनाथ मिसाळ यांचं घर आहे. त्या घरातल्या निम्म्याहून अधिक वस्तू दुसऱ्याच कशाच्या तरी आधाराने उभ्या होत्या. फ्रिजच्या एका पायाखाली नववीचं भूगोलाचं पुस्तक होतं. देवघराचं दार रबराने बंद व्हायचं. स्वयंपाकघरातला पंखा सुरू करायचा तर आधी ओसरीतला दिवा लावावा लागे. असं का, हे पाहुण्यांना समजावून सांगताना बद्रीनाथांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच दिसे, कारण ती जोडणी त्यांनी स्वतः केलेली होती.

"तात्पुरतं केलंय," ते म्हणत.

त्यातलं सगळ्यात ताजं तात्पुरतं तीन वर्षांचं होतं.

गंमत अशी की हायस्कूलच्या ऑफिसात हाच माणूस हेड क्लार्क होता आणि तिथे त्याच्यासारखा कडक माणूस पंचक्रोशीत नव्हता. दाखल्याच्या अर्जावर तारीख राहिली, की अर्ज परत. सही रेघेच्या वर गेली, की अर्ज परत. ऊसतोडीला निघालेली माणसं गाडी रस्त्यात उभी करून पोरांच्या कागदांसाठी पळत यायची, तरी बद्रीनाथ चष्म्यावरून बघत म्हणायचे, "काम करायचं तर पक्कं करावं." घरी आले की शर्ट खुंटीला लागायचा आणि हे वाक्यही त्याच खुंटीला लागायचं.

न्हाणीच्या दाराचा उंबरा उंच होता. आईला, म्हणजे सत्यभामाबाईंना, चढताना त्रास होतो म्हणून बद्रीनाथांनी तिथे दोन विटा ठेवल्या, वर फरशीचा तुकडा ठेवला आणि पायरी केली. सिमेंट लावायचं होतं. पण दोन विटांसाठी वाळू आणा, पाटी काढा, थापी शोधा, एवढा पसारा कोण मांडणार? तात्पुरती पायरी तीन वर्षं चालली. दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यातली एक वीट सरकली आणि शहात्तर वर्षांच्या सत्यभामाबाई कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

बीडला दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कशा पडलात?"

"पाय घसरला," सत्यभामाबाई म्हणाल्या.

बद्रीनाथ पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. घरी आले, तेव्हा त्यांच्या बायकोने, सत्यशीलाबाईंनी, त्या दोन विटा उचलून अंगणाच्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. ती एक शब्द बोलली नाही. तेवीस वर्षांच्या संसारात ती इतकं टोचून कधी बोलली नव्हती.

ऑपरेशन झालं. पुढच्या सोमवारी घरी न्या, म्हणाले. पण बद्रीनाथ निघताना डॉक्टरांनी बजावलं, न्हाणीत भिंतीला पक्का दांडा हवा. आजी त्याच्यावर सगळं वजन टाकणार. तो हलला तर दुसऱ्यांदा जोडायला हाडच उरणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी बद्रीनाथांनी जाहीर केलं, "दांडा मी बसवणार."

सत्यशीलाबाईंनी भाकरी परतली. "आदिनाथ मिस्त्रीला बोलवा."

"तो घरकुलाच्या कामात अडकलाय. पंधरा दिवस येत न्हाई म्हणतो."

"मग पंधरा दिवस थांबा."

"मी म्हणतो ना बसवतो. या टायमाला एकदम पक्कं."

सत्यशीलाबाईंनी भिंतीला लावलेल्या विटांकडे नजर टाकली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

बुधवारी बद्रीनाथ रजा टाकून पाटोद्याला गेले आणि स्टीलचा दांडा, चकत्या, स्क्रू, ते भिंतीत धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या असा ऐवज घेऊन आले. ड्रिल मशीन शेजारच्या मोहनरावांचं. मोहनराव वीज खात्यातून निवृत्त झालेले होते आणि मशीन हवं असेल तर त्याच्यासोबत मोहनरावही यायचे. ते न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"टेप कशाला बे? तुझ्या कमरेइतकं धर. माणसाची कंबर सगळी सारखीच असती."

बद्रीनाथांनी कमरेला हात लावला, भिंतीवर बोटाने खूण केली आणि पेन्सिल फिरवणार, एवढ्यात सत्यशीलाबाई मागून म्हणाल्या, "दांडा तुमच्यासाठी हाय का?"

"न्हाई."

"मग आत्याबाईंची उंची किती हाय?"

बद्रीनाथांनी पेन्सिल खाली घेतली. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या बाईला ते रोज बघत होते, तिची उंची त्यांना ठाऊक नव्हती. खांद्यापर्यंत असेल. की त्याच्या खाली? अलीकडे ती वाकली होती. कधीपासून, तेही आठवेना.

त्यांनी दवाखान्यात आईपाशी थांबलेल्या बहिणीला, मोहिनीला, फोन लावला. मोहिनीने नर्सला विचारून पट्टीचं भेंडोळं आणलं, आईला वॉकर धरून उभं केलं आणि जमिनीपासून मनगटापर्यंत माप घेतलं. मागून सत्यभामाबाईंचा आवाज आला, "बद्रीनं शिंप्याचं दुकान काढलं का काय?"

दांडा बद्रीनाथांच्या खुणेपेक्षा चांगला वीतभर खाली आला. मोहनराव म्हणाले, "एवढं खाली? दांडा हाय का पायपोस?" पण खूण टेपनेच झाली. बद्रीनाथांना बरं वाटलं. पक्कं काम फारसं अवघड नसतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

गुरुवारी सकाळी पहिलं छिद्र पाडलं. ड्रिल लोण्यात जावं तसं आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला कागद गुंडाळलेला. बद्रीनाथांनी बोट घालून उकरलं, तसा ओला वर्तमानपत्राचा बोळा निघाला, मग दुसरा. भिंतीत एकेकाळी पडलेलं भगदाड कुणीतरी कागदाने भरून वरून पांढरं सिमेंट फासलं होतं. हे काम कुणाचं असावं, याचा विचार करायला बद्रीनाथांना फार वेळ लागला नाही. मोहनरावांनी एक बोळा उलगडून चष्मा लावला. "पाच वर्षांमागचा पेपर हाय. बाजरीचा भाव आलाय बघ."

भिंत टकटक करून बघितली तर निम्मा गिलावा पोकळ वाजला. "जाऊ दे," मोहनराव म्हणाले, "चार बोटं डावीकडं घे."

बद्रीनाथांनी चार बोटं डावीकडं घेतलं. आणि तिथे नळाचा पाइप होता.

खरं तर तो तिथे असायला नको होता. पाइप सरळ वर जाऊन मग काटकोनात वळायला हवा. पण एक वळण वाचवायला तो तिरका टाकलेला होता. कुणी टाकलेला, ते पुन्हा सांगायची गरज नाही. कवडसांगवीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तासभर. आठवा दिवस गुरुवार होता. आणि तास नुकताच सुरू झाला होता.

पाण्याची धार बद्रीनाथांच्या छातीवर आदळली आणि तिथून वळून मोहनरावांच्या मांडीवर गेली. "कॉक बंद कर! कॉक!" मोहनराव खुर्चीसकट मागे सरकत ओरडले. कॉक नव्हता. कनेक्शन घेताना तो बसवायचा राहिला होता. बद्रीनाथांनी छिद्रावर अंगठा दाबला. अंगठ्याच्या चारी बाजूंनी कारंजी उडाली.

पाणी न्हाणीतून अंगणात, अंगणातून गल्लीत आलं. पलीकडच्या केसरबाई हंडा घेऊन धावत आल्या, त्यांच्या मागे विमलबाई दोन घागरी घेऊन. "बद्रीभाऊ, अंगठा जरा वर घ्या, धार नीट पडू द्या," केसरबाई म्हणाल्या. हेड क्लार्क मिसाळ, बनियन अंगाला चिकटलेलं, हात भिंतीला, गल्लीतल्या बायकांची भांडी भरत उभे राहिले. एका पालकाने दाराशी येऊन दाखल्याचंही विचारलं.

शेवटी मोहनरावांनीच खिशातून जोडलांबीची, म्हणजे पाइप बुजवायच्या लुकणाची, पुडी काढली. कालवून गोळा दाबला, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. धार थांबली. थेंबसुद्धा नाही. मोहनरावांनी हात झटकले. "घे. आता वरून गिलावा मार, दांडा बसव. सोमवारी माय घरी."

बद्रीनाथ त्या गोळ्याकडे बघत राहिले. इतकं सुबक काम त्यांनीही कधी केलं नव्हतं. आता भिंतीत पोकळ गिलावा, त्याच्या आत जोडलांबीचा गोळा, वर चकचकीत दांडा. कुणाला दिसलं असतं? दाबून बघितलं असतं तरी कळलं नसतं. फक्त एक बाई, जिचं वजन पन्नास किलोही नव्हतं, पायात जोर नसताना सगळी त्याच्यावर लटकणार होती.

त्यांनी हातोडा घेतला आणि तो गोळा फोडला. धार पुन्हा छातीवर आली. तिला न जुमानता ते छिन्नी लावून गिलावा पाडू लागले. खपल्या पाण्यात धपाधप पडत होत्या.

"अरे येडा झालास का बे?" मोहनराव उठले. "मी लावलेलं कावून फोडलंस?"

"चांगलं बसलं होतं म्हणून," बद्रीनाथ म्हणाले.

मोहनराव मशीन काखेत मारून निघून गेले. पुढे चार दिवस ते बोलले नाहीत.

खरी अडचण शुक्रवारी आली. बद्रीनाथांच्या न्हाणीत पाणी वाहून गेल्यामुळे गल्लीच्या शेवटच्या सहा घरांना गुरुवारी घोटभरही मिळालं नव्हतं. तक्रार झाली. ग्रामपंचायतीचा माणूस आला, रस्त्यावरची जोडणी बंद करून सील लावून गेला. नियमाप्रमाणे कॉक बसवा, अर्ज करा, मग उघडू.

ग्रामपंचायतीत पाण्याच्या टेबलाला अमरसिंह नावाचा तरुण होता, बद्रीनाथांच्याच हायस्कूलचा विद्यार्थी. त्याने उठून नमस्कार केला, बसायला खुर्ची दिली आणि अर्ज वाचून परत केला.

"सर, कनेक्शन कुणाच्या नावावर हाय?"

"आमच्या वडिलांच्या."

"मग त्यांची सही लागंल."

"अरे, दादा जाऊन अकरा वर्षं झाली."

"ते मला माहीत हाय, सर. रजिस्टरला माहीत न्हाई."

नाव बदलायचं बद्रीनाथांनी दर वर्षी पुढच्या वर्षावर टाकलं होतं. पाणीपट्टीच्या कागदांवर वडिलांची सही तेच करत आले होते. आता अमरसिंहाने आवाज खाली आणला. "सर, तुमी आपले म्हणून सांगतो. दादांची सही करून टाका. मी बघत न्हाई. दुपारच्याला सील निघंल."

त्याने पेन पुढे केलं. बद्रीनाथांनी ते घेतलंही. वडिलांची सही त्यांना स्वतःच्या सहीइतकी येत होती. 'मिसाळ' मधल्या ळ ला दादा खाली एक लांब शेपूट काढत. पेन कागदाला टेकलं. आणि त्यांच्या लक्षात आलं, की दाखल्याच्या अर्जावर तारीख राहिली म्हणून ऊसतोडीच्या बायामाणसांना आपण परत पाठवतो. त्या बाया परत येतात तेव्हा घामेजलेल्या असतात, आणि आपण पंख्याखाली असतो. हे त्यांना आजवर कधी दिसलं नव्हतं, असं नाही. बघितलं नव्हतं.

"पक्कं करायचं तर काय काय लागतंय?" त्यांनी विचारलं.

अमरसिंहाने त्यांच्याकडे बघितलं. मग मोजून सांगितलं. मृत्यूचा दाखला. वारसांची संमती. आईचा अंगठा किंवा सही, बहिणीची सही. ठराव. "पाच-सहा दिवस तर जात्यालच, सर."

तिथून बद्रीनाथ आदिनाथ मिस्त्रीच्या कामावर गेले. मिस्त्री घरकुलाच्या भिंतीवर उभा होता. त्याने वरूनच सगळं ऐकून घेतलं. पोकळ गिलावा, तिरका पाइप, सगळं. हसला नाही. एवढंच म्हणाला, "सर, भिंत भरल्यावर सिमेंटाला पाणी मारावं लागतंय. सात दिवस. आधी दांडा बसवला तर दिसंल चांगला, पर धरणार न्हाई."

"सोमवारी माय येतीय."

"मग सिमेंटाला सांगा तसं," आदिनाथ म्हणाला आणि ओळंबा सोडून भिंत बघू लागला.

शनिवारी बद्रीनाथ संमतीचा कागद घेऊन बीडच्या एसटीत बसले. सोमवारी आई घरी यायची नव्हती, हे तिला सांगायचं होतं. मोहिनीचं सासर बीडलाच होतं, तिथे आणखी आठ-नऊ दिवस राहा म्हणायचं होतं. सत्यभामाबाईंना लेकीच्या घरी दोन दिवसांवर राहायला आवडत नसे. जावयासमोर न्हाणीत कुणाचा हात धरून जायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. एसटीत बद्रीनाथांनी तीन-चार वाक्यं जुळवून बघितली. अपूर्ण अर्जासारखी सगळी परत आली.

आई उशीला टेकून बसली होती. मोहिनी कागदावर सही करून औषधं आणायला गेलेली. बद्रीनाथांनी कागद पुढे केला, शाई लावली, अंगठा उठवून घेतला. मग कागद पिशवीत घातला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा घातला.

"माय, तू घसरली न्हाईस."

सत्यभामाबाईंनी पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"वीट सरकली. मी सिमेंट लावलं नव्हतं."

"मला ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "माझ्याच पायाखालून गेली ती."

"मग डॉक्टरला कावून न्हाई सांगितलंस?"

"त्यो हाडाचा डॉक्टर. त्याला सांगून काय?" त्यांनी पदराने अंगठ्याची शाई पुसली. ती गेली नाही. "आन तुझं तोंड बघितलं मी तवा. मेल्यावानी झाल्तं."

बद्रीनाथांनी मान खाली घातली. दवाखान्याच्या फरशीवर दोन थेंब पडले, ते त्यांनी चपलेने पुसले. मग एका दमात सगळं सांगितलं. गिलावा, पाइप, कॉक, सील, दादांची सही, सात दिवसांचं पाणी. सोमवारी नेता येणार नाही. मोहिनीकडे राहावं लागेल.

सत्यभामाबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. लेकीच्या घरची न्हाणी त्यांना दिसत असावी.

"आठ घे, धा घे," त्या शेवटी म्हणाल्या. "पर बद्री, मला पुन्हा पाडू नको."

त्यानंतरचे दिवस बद्रीनाथांच्या आयुष्यात सगळ्यात लांब गेले. भिंत विटेपर्यंत उघडी केली. पाइप सरळ घेतला, दोन वळणं लागली, दोन्ही लावली. त्याच दिवशी भिंत सिमेंटने भरून घेतली. कॉक बसवला आणि वीस वेळा उघडून मिटून बघितला. पायरी नवी बांधली, रुंद, खरबरीत. आदिनाथ एका संध्याकाळी कामावरून परतताना आला, पाणसळ धरून पातळी बघितली आणि जाताना "हं" म्हणाला. नळ बंद, म्हणून भिंतीला मारायचं पाणीही सत्यशीलाबाई आणि ते दोघं हापशावरून आणत. दिवसातून चारदा. हापशावर बायका विचारत, "भिंत कशी हाय आता?" जणू घरात कुणी आजारी होतं. तिसऱ्या दिवशी केसरबाईंनी न मागता एक घागर आणून दिली. त्यांच्याकडे गुरुवारची भरलेली होती.

पाचव्या दिवशी भिंत टकटक केल्यावर दगडासारखी वाजली. बद्रीनाथांचा हात कोपऱ्यातल्या दांड्याकडे गेला. सत्यशीलाबाई रिकामी घागर घेऊन दारात आल्या. बद्रीनाथांनी हात मागे घेतला आणि ते हापशाकडे निघाले.

सातव्या दिवशी ठराव झाला, सील निघालं. आठव्या दिवशी दांडा बसला. मोहनराव मशीन घेऊन स्वतःहून आले, खुर्ची न आणता. छिद्रं पाडली, गिट्ट्या बसवल्या, स्क्रू आवळले. मग बद्रीनाथ दांड्याला लटकले, पाय उचलून. मोहनराव लटकले. शेवटी केसरबाई, ज्यांच्या वजनाबद्दल गल्लीत कुणी बोलत नाही, त्या पदर खोचून आल्या आणि लटकल्या. दांडा हलला नाही. केसरबाई खाली उतरून म्हणाल्या, "माझ्या घरी बी बसव एक." बद्रीनाथ म्हणाले, "भिंत बघू द्या आधी."

नवव्या दिवशी सत्यभामाबाई घरी आल्या. जीपमधून उतरून वॉकरने ओसरीपर्यंत आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "मला न्हायचंय."

सत्यशीलाबाईंनी पाणी काढलं. बद्रीनाथांनी आईला न्हाणीच्या दारापर्यंत आणलं. सत्यभामाबाईंनी नव्या पायरीवर पाऊल ठेवलं, थांबल्या, दुसरं ठेवलं. आत हात पुढे केला. दांडा बरोबर तळहातात आला. कोपर वाकवावं लागलं नाही, वर उचलावं लागलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला आणि त्या सगळ्याच्या सगळ्या त्याच्यावर टेकल्या.

"दार उघडं ठेव, माय," बद्रीनाथ म्हणाले. "मी हितंच बसतो."

सत्यभामाबाईंनी दार लोटलं. आतून कडी लागली.

बद्रीनाथ दाराबाहेर जमिनीवर बसले. सत्यशीलाबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज. मग पाणी. पुन्हा तांब्या. एकदा स्टीलवर बांगडी वाजली आणि बद्रीनाथ अर्धे उठले. पुन्हा पाणी पडलं, तसे बसले. असा किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही. आतली बाई घाई करत नव्हती. तीन आठवडे तिला कुणी ना कुणी अंघोळ घालत होतं, तोंड फिरवून, डोळे मिटून घेऊन ती सोसत होती.

"बद्री," आतून आवाज आला.

"काय माय?"

"तू तिथंच हायस का?"

"हाय."

"मग जा की बाबा. मी न्हातीय."

बद्रीनाथ उठले. गुडघे झटकले. दाराकडे एकदा बघितलं, आणि अंगण ओलांडून शाळेकडे निघाले.